त्या अकरा ओळी

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले परताव्याचे फंक्शन काल रात्री दोनदा वाचले. त्यातल्या १४० ओळींत डेटाबेसशी जोडणी करणे, ट्रान्झॅक्शन सुरू करणे, वापरकर्त्याचा अधिकार तपासणे, लॉग लिहिणे, अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न करणे आणि उत्तर जेसन या मजकूर-स्वरूपात बसवणे हे सारे आहे. मात्र माल रवाना होण्यापूर्वी ऑर्डर रद्द झाली तर पूर्ण रक्कम परत द्यायची आणि नंतर झाली तर वाहतुकीचा खर्च वजा करायचा, हा खरा नियम जेमतेम ११ ओळींचा आहे आणि तोही तीन ठिकाणी विखुरलेला आहे. सांगाडा जनरेटरने, म्हणजे कोड लिहून देणाऱ्या प्रोग्रामने, काढून दिला आणि नियम त्याच फाईलमध्ये कोणीतरी हाताने भरले, हे वाचताक्षणी कळते. आता टेबलात नवा रकाना आला आहे. जनरेटर पुन्हा चालवला तर नियम पुसले जातात आणि न चालवला तर चाळीस फाईलींत तो रकाना हाताने घालावा लागतो. या वेळी हातानेच घालून शुक्रवारची रिलीज गाठावी, असे तुला सांगितले गेले आहे, आणि एवढ्या एका वेळेपुरते चालेल का, असे तू मला विचारतेस.

चालणार नाही. जनरेट झालेल्या फाईलला माणसाने हात लावायचा नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण तो हात पूर्वी मीच लावला आहे. एका कंपनीत बिलांच्या पडद्यांसाठी मी जनरेटर लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान होता. एका रात्री रक्कम पूर्णांकात आणण्याची चूक सापडली. टेम्प्लेट, म्हणजे जनरेटर ज्यावरून कोड काढतो तो साचा, दुरुस्त करून सगळे पुन्हा काढण्याऐवजी मी एका फाईलमध्ये तीन ओळी बदलल्या आणि घरी गेलो. ज्याने जनरेटर लिहिला तोच असे करतो, हे पाहिल्यावर इतरांनी का थांबावे? काही महिन्यांनी डेटाबेस बदलायची वेळ आली, तेव्हा कोणत्या फाईली यंत्राच्या आणि कोणत्या माणसाच्या हे सांगता येईल असा एकही जण उरला नव्हता. ओळीन् ओळ ताडून पाहण्यात आठवडे गेले, त्या गडबडीत माझी ती दुरुस्तीही हरवली आणि ग्राहकांना चुकीची बिले गेली. ‘जनरेटर निरुपयोगी असतात’ असा निष्कर्ष सर्वांनी काढला. खरे कारण मला माहीत होते, पण ते त्या बैठकीत मी बोललो नाही, याची खंत आजही आहे.

त्यानंतर मी उलट दिशेला जाऊन दुसरी चूक केली: नियम टेम्प्लेटमध्येच कोंबले. घाऊक ग्राहक असेल तर अमुक, परदेशी असेल तर तमुक, अशा अटी वाढत गेल्या आणि टेम्प्लेट हाच एक प्रोग्राम होऊन बसला, ज्याची टेस्ट कोणालाच लिहिता येईना. म्हणून तूही ती वाट धरू नकोस.

नियमाची फाईल वेगळी कर. जनरेटरने मूळ क्लास (माहिती आणि तिच्यावरची फंक्शने यांचा गठ्ठा) काढावा आणि माणसाने त्यापासून उपक्लास, म्हणजे त्यात आपली भर घालणारा वेगळा क्लास, लिहावा. संगणकशास्त्रज्ञ जॉन व्लिसिडिस यांनी या रचनेला ‘जनरेशन गॅप’ असे नाव दिले. सी शार्प भाषेत २००५ साली आलेले पार्शल क्लासही याच कामी येतात: एकाच क्लासचा यंत्राचा भाग एका फाईलमध्ये आणि माणसाचा दुसऱ्या. मला स्वतःला याहून साधा मार्ग आवडतो. तुझ्या त्या अकरा ओळी एका फंक्शनमध्ये ठेव, ज्याला ऑर्डर आणि आजची तारीख दिली की ते परताव्याची रक्कम सांगते. त्याला डेटाबेस ठाऊक नाही, लॉग ठाऊक नाही, तारीखसुद्धा ते स्वतः घड्याळाला विचारत नाही. जनरेट झालेल्या कोडने त्याला फक्त हाक मारावी. बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकात तयार झालेले याक, म्हणजे भाषेच्या व्याकरणावरून पार्सर (मजकुराची रचना ओळखणारा कोड) काढून देणारा जनरेटर, जे वापरतात, ते त्याने काढलेला पार्सर उघडून दुरुस्त करत बसत नाहीत, व्याकरणाची फाईल दुरुस्त करतात. आणि जाणती माणसे त्या व्याकरणातल्या कंसांतही कोड भरत नाहीत, एका फंक्शनला हाक मारून मोकळी होतात.

कोणती ओळ कुठे जावी हा प्रश्न पडला, तर ती बदलायला कोण सांगेल, हे विचार. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली हेच मांडले होते: जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे, तो एका मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका स्वतंत्र भागाच्या, आत लपवावा. हिशेब विभाग सांगणार असेल तर तो नियम आहे. डेटाबेसची नवी आवृत्ती सांगणार असेल तर ते यंत्राचे काम आहे. एका ठिकाणी मात्र ही कसोटी फसवते, आणि ते तुझ्याच फंक्शनमध्ये आहे. पुन्हा प्रयत्न करणे हे वरवर निव्वळ तांत्रिक काम दिसते. पण बँकेकडून उत्तर आले नाही, याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही. टेम्प्लेटने डोळे झाकून पुन्हा विनंती पाठवली तर ग्राहकाला दोनदा परतावा मिळेल. प्रयत्न कसा करायचा हे जनरेटरने लिहावे, परंतु करायचा की नाही आणि तीच विनंती आहे हे कोणत्या क्रमांकावरून ओळखायचे, हे नियमाच्या बाजूने सांगितले गेले पाहिजे.

मला हट्टी म्हणतात, हे तुझ्या कानावर आले असेलच. एकदा याच कारणासाठी मी रिलीज दोन आठवडे अडवली होती. त्या दोन आठवड्यांचा जाब मला अजून विचारला जातो. पुढे डेटाबेस बदलला तेव्हा ते काम चार दिवसांत उरकले, हे मात्र कोणाच्या लक्षात नाही. मी पुन्हा अडवीन. जनरेट झालेल्या फाईलला हात लावायचा नाही, हे मला नम्रपणे सांगता येत नाही, कारण नम्रपणे सांगितले की एक अपवाद केला जातो आणि त्याच्या पाठोपाठ चाळीस येतात.

चाळीसही फाईली शुक्रवारपर्यंत सुटणार नाहीत, हे मलाही दिसते. परताव्याची एक सोडव. अकरा ओळी बाहेर काढ, त्यांच्या टेस्ट लिही, मग जनरेट झालेली ती फाईल पुसून टाकून जनरेटर चालव आणि टेस्ट पास होतात का ते पाहा. गुरुवारी रात्री त्या अकरा ओळी मला पाठव. कितीही उशीर झाला तरी मी जागा असेन.