वाचकांचे प्रश्न : देब्युसीचा पियानो आणि त्याचे पहिले समीक्षक

प्रश्न : क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतरचनाकाराच्या पियानोरचना सुरुवातीला समीक्षकांनी झिडकारल्या आणि त्यांची थोरवी पुढच्या पिढीला उमगली, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : देब्युसीच्या ऑपेरावरून आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेल्या रचनांवरून पॅरिसमध्ये जे वाद झाले, ते पुष्कळदा नकळत त्याच्या पियानोरचनांच्याही खात्यावर मांडले जातात, आणि तुम्ही वाचलेल्या विधानाचे मूळ बहुधा तेथेच आहे. पियानोपुरते पाहिले तर ‘झिडकारले’ हा शब्द लागू पडत नाही. ११ जानेवारी १९०२ रोजी सोसिएते नासिओनाल द म्युझिक या संस्थेच्या मैफलीत रिकार्दो विन्येस या स्पॅनिश वादकाने ‘पूर ल पियानो’ ही तीन भागांची रचना प्रथम वाजवली, तेव्हा तिचा शेवटचा भाग ‘तोकाता’ श्रोत्यांच्या आग्रहामुळे त्याला पुन्हा वाजवावा लागला. दोन वर्षांनी, ९ जानेवारी १९०४ रोजी, त्यानेच ‘एस्तांप’ हा संच लोकांसमोर आणला, आणि पुढेही देब्युसीच्या बऱ्याच महत्त्वाच्या पियानोरचना पहिल्यांदा ऐकू आल्या त्या विन्येसच्याच हातून. अर्थात ही संस्था १८७१ मध्ये फ्रेंच संगीताच्या पुरस्कारासाठीच स्थापन झालेली होती आणि तिचा श्रोतृवर्ग लहान व जाणकार होता, त्यामुळे तेथील टाळ्यांवरून साऱ्या पॅरिसचे मत ठरवता येणार नाही.

माझ्या मते या रचनांचे खरे दुर्दैव वेगळेच होते : त्यांची स्तुती झाली, पण ती चुकीच्या कारणासाठी. ‘एस्तांप’ या शब्दाचा अर्थच ठशांची चित्रे असा होतो, आणि त्यातील तीन भागांची नावे पॅगोडा, ग्रानादातील संध्याकाळ आणि पावसातील बागा अशी आहेत. ‘इमाज’ या पियानोरचनांच्या पहिल्या संचाची सुरुवात पाण्यातील प्रतिबिंबांनी होते. अशी नावे समोर असताना लिहिणाऱ्यांनी संगीतातही पाणी, प्रकाश आणि धुके शोधले नसते तरच नवल. त्यात ‘इम्प्रेशनिझम’ हा चित्रकलेतून आलेला शब्द आधीच तयार होता. ‘प्रँताँ’ ही रचना देब्युसीने रोममध्ये शिष्यवृत्तीवर असताना तेथून पाठवली, तेव्हा १८८७ मध्ये ललित कला अकादमीने आपल्या अहवालात अस्पष्ट इम्प्रेशनिझमपासून सावध राहण्याचा इशारा त्याला दिला होता. इशारा म्हणून आलेला तो शब्द वीस वर्षांत कौतुकाचा झाला, तरी देब्युसीची त्याबद्दलची नावड कायम राहिली. १९०८ मध्ये आपला प्रकाशक ज्याक ड्युराँ याला लिहिलेल्या पत्रात, मूर्ख लोक ज्याला इम्प्रेशनिझम म्हणतात तो शब्द अत्यंत चुकीच्या रीतीने वापरला जातो, अशी तक्रार त्याने केली आहे.

मग नवे काय होते? ‘एस्तांप’मधील ‘पागोद’ (पॅगोडा) हा भाग लक्ष देऊन ऐकावा. १८८९ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात देब्युसीने जावा बेटावरील गामेलान हा वाद्यसमूह ऐकला होता आणि त्याची स्मृती या रचनेत आहे, असे नेहमी सांगितले जाते. परंतु त्याने एखादी जावानीज धून उचलून पियानोवर बसवलेली नाही. त्याने घेतली ती रचनेची पद्धत. खाली घंटेसारखा एक गंभीर स्वर पेडलच्या साहाय्याने घुमत ठेवायचा, मध्यभागी पाच स्वरांतून फिरणारी संथ ओळ चालवायची आणि वर तेच स्वर कितीतरी जलद गतीने झिरपू द्यायचे, अशी ती थरांची मांडणी आहे. तोवरच्या पियानोलेखनात एक स्वरसंघात, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, पुढच्या स्वरसंघाताकडे ओढ घेत असे आणि त्या ओढीतून रचना पुढे सरकत असे. येथे ती ओढ जवळजवळ थांबते, आणि स्वर विरत जाण्याची क्रिया हाच ऐकण्याचा विषय होतो. यात चित्रापेक्षा वाद्याचा विचार अधिक आहे. हातोडीने तारेवर आघात करणाऱ्या या वाद्यातून आघाताची जाणीव पुसून कशी टाकता येईल, हा प्रश्न देब्युसीने आयुष्यभर धरून ठेवला होता.

त्या काळी लुई लालोआ या समीक्षकाने त्याची बाजू निष्ठेने मांडली आणि १९०९ मध्ये त्याच्यावर पुस्तकही लिहिले. पुढे चिनी संस्कृतीचा अभ्यासक म्हणून नावाजलेल्या या मित्राला देब्युसीने ‘इमाज’च्या दुसऱ्या संचातील, पडक्या देवळावर उतरणाऱ्या चंद्राच्या नावाचा भाग अर्पण केला. ‘ल ताँ’ या वृत्तपत्राचा समीक्षक पिएर लालो हा मात्र निराळा गृहस्थ, आणि नावांतील साम्यामुळे या दोघांची गल्लत होते म्हणून हे मुद्दाम सांगतो. १९०२ मध्ये देब्युसीच्या ऑपेराचे स्वागत करणाऱ्या लालोने १९०५ मध्ये ‘ला मेर’ (समुद्र) या ऑर्केस्ट्रारचनेत आपल्याला समुद्र ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, असे लिहिले. संगीत जणू देखावा दाखवण्यासाठीच असते, हे गृहीत त्याच्या या नापसंतीतही तसेच टिकून आहे.

प्रश्न : पियानोलेखनातील ही क्रांती देब्युसीची नसून त्याचा समकालीन फ्रेंच रचनाकार मोरिस राव्हेल याची आहे, असेही काही जण म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : आहे, आणि हा मुद्दा स्वतः राव्हेलनेच उपस्थित केला होता. देब्युसीच्या पियानोशैलीचा राव्हेलवर प्रभाव असल्याचे पिएर लालोने लिहिले, तेव्हा १९०६ मध्ये राव्हेलने त्याला पत्र पाठवून सालांचा हिशेब दाखवला. आपली ‘ज्यु दो’ (पाण्याचे खेळ) ही पियानोरचना १९०२ च्या आरंभी प्रसिद्ध झाली, त्या वेळी देब्युसीच्या ‘पूर ल पियानो’मधील तीनच तुकडे उपलब्ध होते, आणि त्यांच्याविषयी आपल्याला उत्कट आदर असला तरी निव्वळ पियानोच्या दृष्टीने त्यांत फारसे नवे काही नव्हते, असे त्याचे म्हणणे होते. हा आदर केवळ औपचारिक नव्हता, कारण देब्युसीच्या मृत्यूनंतर त्याच तुकड्यांपैकी ‘साराबांद’चे ऑर्केस्ट्रासाठीचे रूपांतर १९२२ मध्ये राव्हेलने केले.

या वादाला आणखी एक जुनी जखम होती. राव्हेलची दोन पियानोंसाठीची, त्याच नावाच्या नृत्याच्या लयीतली ‘हाबानेरा’ १८९८ मध्ये सादर झाली, तेव्हा देब्युसीने तिची हस्तलिखित प्रत मागून नेली होती. पुढे १९०३ च्या ‘ग्रानादातील संध्याकाळ’मध्ये तीच नृत्यलय आणि तिच्याभोवती हटवादीपणे वाजत राहणारा तोच एक स्वर आढळला, तेव्हा राव्हेलच्या मित्रांना जे वाटायचे ते वाटलेच. मला विचाराल तर पाण्यासारख्या खळखळत्या, चमकदार स्वरावलींचे श्रेय निःसंशय राव्हेलचे आहे. पण ‘पागोद’मधील घुमणारा, स्तब्ध अवकाश ‘ज्यु दो’मध्ये कोठेही सापडत नाही. ‘ज्यु दो’चे मूळ एकोणिसाव्या शतकातील पियानोवादक व रचनाकार फ्रान्झ लिस्टच्या झगमगत्या वादनपरंपरेत आहे, आणि देब्युसी तर त्या परंपरेकडे पाठ फिरवत होता. दोघांनी दोन वेगळी दारे उघडली, आणि एकाच शब्दाखाली दोघांना कोंबणाऱ्या समीक्षकांमुळे ती एकच वाटू लागली.

प्रश्न : नावांच्या मोहात न पडता देब्युसीचा पियानो ऐकायचा असेल तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘प्रेल्युद’ या छोट्या पियानोरचनांच्या दोन खंडांपासून करावी. पहिला खंड १९१० मध्ये आणि दुसरा १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत देब्युसीने प्रत्येक रचनेचे नाव आरंभी न छापता अखेरीस, कंसात आणि टिंबांच्या मागे छापले आहे, म्हणजे वादकाच्या कानांवर आधी संगीत पडावे आणि शब्द नंतर यावा. त्यातील ‘व्वाल’ जवळजवळ संपूर्णपणे समान अंतरावरच्या सहा स्वरांत बांधलेली आहे. सर्व अंतरे सारखीच असल्यामुळे त्यांतला कोणताही स्वर हक्काने आधारस्वर होऊ शकत नाही, आणि ऐकणारा तरंगत राहतो. तिच्या नावाचा अर्थ शिडे असा होतो तसाच घुंघट असाही होतो, हे कळल्यावर त्या नावावर किती भिस्त ठेवायची याचा निर्णय आपोआप होतो. २५ मे १९१० रोजी देब्युसीने स्वतः यांतील चार रचना मैफलीत वाजवल्या, त्यांत हीही होती.

त्यानंतर १९१५ मधील बारा ‘एत्युद’, म्हणजे सरावरचना, ऐकाव्यात. त्याच वर्षी लिहिलेल्या दोन पियानोंच्या ‘आँ ब्लाँ ए न्वार’वरून वृद्ध संगीतरचनाकार कामिय सँ-साँसने रचनाकार फोरेला पत्र लिहिले की असले अत्याचार करणाऱ्या माणसासाठी ललित कला अकादमीचे दार काहीही करून बंद ठेवले पाहिजे. त्याच अकादमीच्या १८८७ च्या अहवालातील इशाऱ्याला तोवर अठ्ठावीस वर्षे झाली होती. ‘एत्युद’मध्ये मात्र पाणी नाही, चंद्र नाही, बागा नाहीत. तिसऱ्या स्वराच्या अंतरावरील जोड्या, सप्तके, पुन्हा पुन्हा वाजणारे स्वर, स्वरसंघात अशी त्यांची कोरडी नावे आहेत, आणि कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा हेही देब्युसीने छापलेले नाही. प्रत्येकाने आपल्या हाताला मानवेल अशी बोटांची योजना स्वतःच शोधावी, असे त्याने प्रस्तावनेत लिहिले आहे.