थारमध्ये वन्यजीव बघायला जाण्यात अर्थ आहे का, की नुसती वाळूच दिसते?

वाळू दिसतेच, पण जैसलमेरजवळच्या सम गावी, वाळूच्या टेकड्यांवरच्या पर्यटक तंबूत राहाल तर तेवढीच दिसेल. मी डिसेंबरात आठ दिवस फिरलो. त्यातले दोन दिवस जैसलमेर जिल्ह्यातल्या देगराय ओरणात एका म्हाताऱ्या मेंढपाळामागून चाललो, तेच लक्षात राहिले.

ओरण म्हणजे आपली देवराईच, फक्त झाडी विरळ आणि पसारा मैलोन्‌मैल. मी दात कोरायला खेजडीची एक काडी मोडायला गेलो, तर बासांनी, म्हणजे त्या म्हाताऱ्या मेंढपाळाने, हात धरला. ओरणात कुऱ्हाड चालत नाही, काडीही नाही. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, आणि केर म्हणजे आपल्याकडची नेपती. दोन्ही मिळून तिथली भाजी होते. याच झाडासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला बिश्नोई पंथाचे ३६३ लोक मारले गेले, हे वाचलेलं होतं. हात धरल्यावर जरा वेगळं कळलं.

पुढे त्यांनी काठीने एक जागा दाखवली. मला सपाट मातीच दिसत होती. नीट वाकून पाहिल्यावर तळहाताएवढा भुसभुशीत डाग दिसला. सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा, थंडीत बिळाचं तोंड आतून बुजवून झोपतो, ऊन तापलं की उठतो म्हणाले. पायवाटेपासून हातभर अंतर. मी दहा वेळा तिथून गेलो असेन.

अशी बरीच ओरणं सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून पडलीत. हा शब्द आपल्या माळरानांनाही चांगलाच भोवलाय. पडीक म्हटलं की वर पवनचक्क्या, सौर पट्ट्या आणि उच्चदाबाच्या तारा येतात. माळढोक पक्ष्याचे (तिकडे गोडावण) डोळे बाजूला, अंग जड. तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही.

वेळ असेल तर फलोदीजवळ खिचनला पहाटे जा. गावकऱ्यांनी टाकलेलं धान्य टिपायला मंगोलियाकडून आलेले हजारो करकोचे, कुरजां, उतरतात. आवाज इतका की शेजारच्याशी बोलता येत नाही.

आणि माळढोक? सातव्या दिवशी वाळवंट राष्ट्रीय उद्यानातल्या सुदासरीला, सेवण गवतातून नुसती मान, तीनेक मिनिटं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मी दोन खेपा मारल्यात. तिथे पाटीवरचाच दिसला होता.