मालिका मिळाली, आता वही सुरू कर

बाळा, पहिली मालिका मिळाली ना? मग संवाद पाठ करायला बसण्याआधी ब्रिटिश नट डेव्हिड सुशे टीव्हीवरच्या पॉयरोसाठी, म्हणजे अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांमधल्या बेल्जियन गुप्तहेरासाठी, कसा तयार झाला ते समजून घे. रॉयल शेक्सपिअर कंपनी या नाट्यसंस्थेत मुरलेला नट तो, तरीही अगाथा ख्रिस्तीची पुस्तकं घेऊन बसला आणि वाचता वाचता त्या माणसाच्या सवयी टिपत गेला. यादी गेली 93 वर! चहात साखर किती, कॉफीत किती, हेसुद्धा त्यात होतं. मला तर ती साखरच फार मोलाची वाटते. प्रेक्षक ती मोजत नाही, पण कप उचलणाऱ्या हाताला ते माहीत असलं की हात खोटा दिसत नाही. उच्चार कानात मुरावेत म्हणून तो बेल्जियन रेडिओ ऐकायचा.

ही भूमिका त्याने 1989 ते 2013 केली, 70 भाग. पॉयरोच्या मृत्यूचा भाग शेवटच्या पर्वात सगळ्यात आधी चित्रित केला आणि शेवटचं चित्रीकरण झालं ख्रिस्तीच्याच ग्रीनवे या घरी. जिवंत पॉयरो साकारत निरोप घेतला त्याने!

तू आजच वही सुरू कर. तुझं पात्र घरात शिरताना चपला कशा काढतं, ते पहिलं लिही.