आय६एक्सवर ओपनआय६एक्स टाकू का? आधी सर्व्हो मोज

तुझा प्रश्न थोडक्यात असा: पेडण्यात राहतोस, फ्लायस्कायचा एफएस-आय६एक्स (रिमोटने उडणाऱ्या विमानाचा हातातला रेडिओ, म्हणजे ट्रान्समीटर) कुणाकडून तरी जुना घेतलास, सनबोर्डचं फ्लॅपवालं विमान बनवतोयस. विमानातल्या आयए६बी रिसिव्हरवर सहाच चॅनल (एकेका भागाला हुकूम देणारी वाट) आहेत आणि तुला सात-आठ हवेत. ओपनआय६एक्स हे दुसरं फर्मवेअर (रेडिओच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं तर ते मिळतील का, आणि टाकताना रेडिओ मेला तर काय?

फक्त चॅनलसाठी टाकणार असशील तर टाकू नकोस. आय६एक्स मुळातच दहा चॅनलचा आहे, विकताना सहावर ठेवलेला असतो एवढंच. सिस्टिम मेन्यूत ऑक्स स्विचेसमध्ये जा, तिथे दहा कर, मग फंक्शन मेन्यूतून सात-आठला स्विच नेमून दे. संपलं. तुझी अडचण ट्रान्समीटरमध्ये नाहीच. आयए६बीला सर्व्होच्या (फ्लॅप-रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) पिनाच सहा आहेत. वरचे चॅनल तो आय-बसच्या एकाच तारेतून बाहेर देतो आणि ती भाषा फ्लाइट कंट्रोलरला कळते, साध्या सर्व्होला नाही. जगातलं कुठलंही फर्मवेअर टाकलंस तरी सातवी पिन उगवणार नाही. आयए१०बी रिसिव्हर घे, नाहीतर वाय-लीड (एका पिनेवर दोन सर्व्हो जोडणारी तार) वापर.

वाय-लीडने तुझं काम सहात सहज बसतं: थ्रॉटल (मोटर), एलिव्हेटर (नाक वर-खाली), रडर (नाक डावी-उजवीकडे), दोन आयलेरॉनना (पंख कलवणारे) वेगवेगळे चॅनल, आणि दोन्ही फ्लॅपना मिळून एक. इथे एक मेख आहे. आयलेरॉनचे सर्व्हो आपण आरशातल्यासारखे समोरासमोर बसवतो. फ्लॅपचे तसेच बसवून वाय-लीड लावलीस तर एक फ्लॅप खाली येईल आणि दुसरा वर जाईल. म्हणून फ्लॅपचा एक सर्व्हो उलटा बसव किंवा एकाचा हॉर्न दुसऱ्या बाजूला काढ. आधी टेबलावर जोडून बघ, मगच सनबोर्डला भोक पाड.

मग ओपनआय६एक्सचा उपयोग काय? मिक्सचा, म्हणजे एक भाग हलला की दुसराही आपोआप हलवायचा. मूळ फर्मवेअर तीन मिक्स देतं आणि फ्लॅपवाल्या विमानाला ते लगेच अपुरे पडतात. ओपनआय६एक्स म्हणजे या रेडिओसाठी जुळवून घेतलेलं ओपनटीएक्स, अनेक रेडिओंवर चालणारं खुलं फर्मवेअर. इनपुट, मिक्स, आउटपुट अशा तीन पायऱ्या आणि सोबतीला लॉजिकल स्विच. फ्लॅप झटकन न पडता दोन सेकंदांत हळूहळू उतरवायचे, त्याबरोबर एलिव्हेटर थोडा खाली दाबायचा, तोही सरळ रेषेत नाही तर वक्राने, हे सगळं जमतं. फ्लॅप एकदम पडले की विमान नाक वर करून फुगतं, त्यावर हाच इलाज. याची गरज वाटत असेल तर खुशाल टाक. एक्सप्रेसएलआरएसचं (लांब पल्ल्याच्या वेगळ्या रेडिओ-दुव्याचं) मॉड्यूल जोडायचं हेही चांगलं कारण आहे, पण ते ऑनलाइन घेताना ९१५ मेगाहर्ट्झचं घेऊ नकोस. आपल्याकडे तो भाग मोबाइलवाल्यांचा आहे. २.४ गिगाहर्ट्झचं घे.

रेडिओ मरण्याबद्दल. २०१३च्या सुमारास मी जुन्या ९एक्स रेडिओवर ईआर९एक्स हे फर्मवेअर टाकलं होतं. त्यात एटीमेगा६४ चिप, तिच्या आसपासच्या ठिपक्यांवर केसाएवढ्या सहा तारा डाग द्यायच्या आणि यूएसबीएएसपी या प्रोग्रामरने चिपमध्ये लिहायचं. मूळ फर्मवेअरला कुलूप, त्यामुळे प्रत काढून ठेवण्याची सोयच नाही. जुलैचा पाऊस, वीज दर अर्ध्या तासाने जात होती, लॅपटॉपच्या बॅटरीवर काम उरकलं. रेडिओ चालू केला तर पडद्यावर ‘बॅड ईप्रॉम डेटा’. घाम फुटला. बायको म्हणाली, टाकलं ना शेवटी बिघडवून? त्या संदेशाचा अर्थ इतकाच होता की आतली जुनी माहिती नव्या फर्मवेअरला वाचता येत नाही, एक कळ दाब म्हणजे ती पुसून नवी मांडते. कळ दाबायला मी पंधरा मिनिटं घेतली.

आय६एक्समध्ये एसटीएम३२एफ०७२ चिप आहे, १२८ केबी फ्लॅशची. (साध्या आय६मध्ये चिप वेगळी, फ्रीस्केलची. त्यावर हे चालत नाही, तेव्हा मागचं नाव दोनदा वाच.) लिहायला हवा एसटी-लिंक प्रोग्रामर, क्लोन चारपाचशे रुपयांत येतो. तारा तीनच: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि ग्राउंड. वीज रेडिओच्या सेलवरून दे किंवा एसटी-लिंकच्या ३.३ व्होल्टवरून, दोन्हीकडून एकदम कधीच नाही. इथेही कुलूप आहे, रीड-आउट प्रोटेक्शन. संगणकावरच्या एसटीएम३२क्यूबप्रोग्रामरमधून ते काढलंस की चिप आपोआप सगळी पुसली जाते. ते कुलूप असंच बनवलेलं आहे, घाबरू नकोस, पण परतीचा दोर कापला हे लक्षात ठेव. मॉडेलची सेटिंग आधी कागदावर उतरवून घे.

त्याही आधी सेलचा खण बघ. आपल्याकडचा जुना रेडिओ म्हणजे चार महिने दमट कपाटात पडलेला. स्प्रिंगवर हिरवट थर असेल तर तो खरवडून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पूस. लिहिता लिहिता वीज तुटली तर नंतर तुला फर्मवेअरवरच संशय येईल.

नवं फर्मवेअर बसलं की रेडिओ कालचा नाही असं समज. स्टिक कॅलिब्रेट कर, रिसिव्हर नव्याने बाइंड कर, म्हणजे रेडिओशी जोडी जमव. चॅनलचा क्रम तपास: फ्लायस्कायचा आयलेरॉन-एलिव्हेटर-थ्रॉटल-रडर, ओपनटीएक्समध्ये तो रडरपासूनही सुरू होऊ शकतो आणि मग पहिल्या-चौथ्याची अदलाबदल होते. फेलसेफ (सिग्नल तुटला की रिसिव्हरने काय करायचं ते) पुन्हा लाव, जुनं गेलं. प्रॉप काढून ठेव, मोटर अर्ध्यावर आण आणि ट्रान्समीटर बंद कर. मोटर थांबली तरच विमान बाहेर काढ. माझ्या ९एक्सवाल्या विमानाची थांबली नव्हती. मी ते टेबलावर बघितलं नाही, सड्यावर (जांभ्या दगडाच्या माळावर) बघितलं. काजूच्या बागेत दोन दिवस शोधत होतो.

आणि पेडण्यात आहेस म्हणून: मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून तुमच्याकडचे बरेच सडे लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात गेलेत. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय काहीच उडवता येत नाही, ८ ते १२ किमीमध्ये २०० फुटांपर्यंत चालतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा बघून घे.

रेडिओ उघडलास की तारा लावण्याआधी बोर्डचा स्पष्ट फोटो टाक. कुठला ठिपका कुठला, ते प्रकल्पाच्या चित्राशी ताडून सांगतो.