आधी गाडीचा तळ पाहा

फॉर्म्युला वनच्या गाड्यांची रचना समजून घेण्याची सुरुवात पुढच्या पंखापासून न करता तळापासून करावी, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. 2022 च्या नियमांनी तळाखालचे व्हेंचुरी बोगदे पुन्हा आणले. त्यांच्या अरुंद भागातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. मात्र तळ जमिनीच्या फार जवळ आला की हा प्रवाह तुटतो, गाडी वर उसळते, प्रवाह पुन्हा जुळतो आणि ती परत खाली ओढली जाते. पॉरपॉइझिंग म्हणतात ते हेच, आणि त्याला आवर घालण्यासाठी 2023 मध्ये तळाच्या कडा 15 मिलिमीटरने उंच करण्यात आल्या.

साइडपॉड, म्हणजे चालकाच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग, लगेच डोळ्यांत भरतात, पण त्यांचा आकार सुटा पाहू नये. मर्सिडीजने 2022 मध्ये ते अतिशय अरुंद केले आणि 2023 च्या मोनॅको शर्यतीत ती वाट सोडली. तरीही रेड बुल पुढेच राहिली, आणि माझ्या मते त्याचे मोठे कारण तळातच होते. त्याच मोनॅकोत रेड बुलचा चालक सर्जिओ पेरेझ याची अपघातग्रस्त गाडी क्रेनने उचलली गेली, तेव्हाची छायाचित्रे अवश्य मिळवा आणि बोगद्यांची उंची पुढून मागे कशी बदलत जाते ते सावकाश न्याहाळा.