क्षेपणास्त्र, बाण आणि रशियनांचा ‘रॉकेट रणगाडा’

प्रश्न असा आहे : “१९६०च्या दशकात सोव्हिएत संघाने तोफ काढून तिच्या जागी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बसवलेले काही रणगाडे तयार केले. मराठीत त्यांना ‘रॉकेट रणगाडा’ म्हणावे की ‘क्षेपणास्त्रवाहू रणगाडा’? शिवाय ‘क्षेपणास्त्र’ या शब्दातच द्विरुक्तीचा दोष आहे असे ऐकतो, ते खरे काय?”

‘रॉकेट रणगाडा’ तर मुळीच म्हणू नये. हा शब्द अलीकडे वारंवार कानावर पडतो आणि प्रत्येक वेळी दाताखाली खडा आल्यासारखे होते. तो कुठून आला हे उघड आहे. रशियन भाषेत या वाहनांना ‘राकेत्नी तांक’ म्हणतात. त्यातली अक्षरे उचलली, मराठी वळणाने लिहिली आणि भाषांतर झाले असे समजून लेखक मोकळा झाला. परंतु रशियनमध्ये ‘राकेता’ हा एकच शब्द दोन निराळ्या वस्तूंसाठी चालतो. सुटल्यानंतर ज्यावर कोणाचाही ताबा राहत नाही ते, आणि सुटल्यानंतरही ज्याला वळवता येते ते, अशी दोन्ही त्यांच्या लेखी ‘राकेता’च असतात. म्हणूनच जिथे भेद करायचा तिथे त्यांना ‘नियंत्रित’ किंवा ‘अनियंत्रित’ असे विशेषण आधी जोडावे लागते. मराठीची तशी अडचण नाही. पहिल्या वस्तूला आपल्याकडे बाण किंवा अग्निबाण हा शब्द आहे (पेशवेकालीन कागदांत ‘बाणांचा मारा’ येतो तो दारूच्या नळ्यांच्या बाणांचा, धनुष्याच्या नव्हे) आणि दुसरीसाठी क्षेपणास्त्र हा शब्द आहे. ज्यांच्या घरात दोन भांडी आहेत त्यांनी शेजाऱ्याकडे एकच आहे म्हणून दोन्ही पदार्थ एकाच भांड्यात ओतण्याचे कारण नाही.

हा भेद कागदावरचा नाही, हे रशियातल्या चेल्याबिन्स्क येथे अभियंता पावेल इसाकोव यांच्या हाताखाली १९६४च्या सुमारास तयार झालेल्या ‘ऑब्येक्त ७७५’ या प्रायोगिक वाहनावरून दिसते. त्याच्या १२५ मिलिमीटरच्या एकाच नळीतून ‘रुबिन’ नावाचे नियंत्रित क्षेपणास्त्र सुटत असे आणि ‘बूर’ नावाचा अनियंत्रित बाणही सुटत असे. पहिले चालत्या रणगाड्यासाठी आणि दुसरा उघड्यावरच्या सैन्यासाठी होता. आता या वाहनाविषयी ‘त्यातून रॉकेटे सुटत’ असे लिहिले, तर वाचकाला नेमके काय कळले? (जाता जाता : ‘ऑब्येक्त’ हा कारखान्यातला संकेतक्रमांक आहे. त्याचे ‘वस्तू क्रमांक ७७५’ असे भाषांतर माझ्या पाहण्यात आले, आणि पोलीस ठाण्यातला मुद्देमाल आठवला.) दोनच माणसांचे हे वाहन मोठे विलक्षण होते. दोघेही फिरत्या बुरुजात बसत, बुरूज कुठेही वळला तरी चालकाचे आसन समोरच्या दिशेलाच राहावे अशी योजना होती, आणि गरज पडल्यास सगळे वाहन जमिनीलगत खाली बसत असे. ते सैन्यात दाखल झाले नाही. लेनिनग्राडच्या किरोव कारखान्यातल्या ‘ऑब्येक्त २८७’चेही तेच झाले. त्यावर ‘ताइफून’ क्षेपणास्त्र होते आणि सोबतीला ७३ मिलिमीटरच्या दोन छोट्या तोफा होत्या. या सर्व खटाटोपाला सोव्हिएत संघाचे तेव्हाचे सर्वोच्च नेते ख्रुश्चेव यांच्या क्षेपणास्त्रप्रेमाचे पाठबळ होते, आणि ऑक्टोबर १९६४मध्ये तेच सत्तेवरून गेले.

प्रत्यक्ष सैन्यात पोहोचले ते एकच वाहन, आणि प्रश्नकर्त्याच्या मनात बहुधा तेच असावे. ते म्हणजे निज्नी तगील येथे लिओनिद कार्त्सेव यांच्या आरेखन कार्यालयाने टी-६२ या रणगाड्याच्या सांगाड्यावर बांधलेले ‘इ-ते-१’. कृपया याला ‘आयटी-१’ म्हणू नये. तसे म्हटले की मराठी माणसाला हिंजवडी आठवते. ही अक्षरे ‘इस्त्रेबीत्येल तांकोव’ या शब्दांची, म्हणजे ‘रणगाड्यांचा संहारक’ या नावाची आहेत. हाच ‘इस्त्रेबीत्येल’ शब्द रशियन भाषेत लढाऊ विमानालाही लावतात, त्यामुळे भाषांतरकाराने सावध राहावे. १९६८मध्ये स्वीकारलेल्या या वाहनाच्या बुरुजाला तोफ नव्हतीच. एक मशीनगन होती आणि आत ‘द्राकोन’ जातीची १५ क्षेपणास्त्रे होती. त्यातली १२ यांत्रिक मांडणीत आणि ३ वेगळी ठेवलेली. छतावरची झडप उघडे, सुमारे ५४ किलोचे क्षेपणास्त्र वर येई आणि सुटे.

म्हणून ‘क्षेपणास्त्रवाहू’ हाही शब्द मला पसंत नाही. मालवाहू, प्रवासीवाहू या शब्दांत ‘वाहू’ म्हणजे ओझे इकडून तिकडे नेणारा. त्याने लढावे अशी अपेक्षा त्या शब्दात नसते. क्षेपणास्त्रे तळावर पोहोचवणारी मोटारगाडी खुशाल क्षेपणास्त्रवाहू म्हणवून घेऊ दे. ज्याचे ते मुख्य आयुध आहे त्याला तसे म्हणणे म्हणजे धनुर्धराला ‘बाणवाहू’ म्हणण्यासारखे आहे.

आता द्विरुक्तीच्या आक्षेपाकडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे. शस्त्र म्हणजे हातात धरायचे आणि अस्त्र म्हणजे फेकायचे, एवढे शाळेत सर्वांना शिकवलेले असते, म्हणून ते सोडून देतो. पाणिनीय धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, उघडल्यास ‘शस्’ धातूपुढे ‘हिंसायाम्’ असा अर्थ दिलेला सापडतो, आणि ज्यापासून अस्त्र शब्द झाला त्या ‘अस्’ धातूपुढे लिहिलेले असते : ‘असु क्षेपणे’. म्हणजे अस्त्र या शब्दाच्या मुळाचा कोशातला अर्थच ‘क्षेपण’ असा आहे! ज्या कोणी क्षेपणास्त्र हा शब्द घडवला त्याने शब्द आणि त्याचा अर्थ यांचा समास करून टाकला. एवढे सापडले की आक्षेप घेणारे विजयी मुद्रेने थांबतात आणि ‘नुसते अस्त्र म्हणा’ असा निवाडा देतात. त्यांनी धातुपाठ आणखी थोडा चाळला असता तर बरे झाले असते. कारण खुद्द ‘क्षिप्’ धातूचा अर्थ तिथे ‘फेकणे’ असा दिलेलाच नाही. तिथे आहे ‘क्षिप प्रेरणे’. प्रेरण म्हणजे प्रवृत्त करणे, पुढे ढकलणे, चालना देणे. अस्त्र हातातून सुटले की संपले. प्रेरण मात्र सुटण्यापाशी संपलेच पाहिजे असे नाही. घोड्याला, बैलाला, माणसाला आपण वाटेतही प्रेरणा देत राहतो. तेव्हा क्षेपणास्त्र म्हणजे ‘फेकायचे फेकायचे आयुध’ नव्हे, तर ‘ज्याला सुटल्यावरही प्रेरणा मिळत राहते असे अस्त्र’, हा अर्थ व्याकरणाच्या चौकटीत बसतो. शब्द घडवणाऱ्याच्या मनात तो होता की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्द आपल्या घडवणाऱ्यापेक्षा शहाणे निघतात, हे भाषेत नेहमीच घडते.

माझ्या या मताला आधार मी जुन्या वर्गीकरणातून घेतो. अद्वैत वेदान्ती मधुसूदन सरस्वती ‘प्रस्थानभेद’ या आपल्या ग्रंथामध्ये आयुधांचे चार प्रकार सांगतात : मुक्त, अमुक्त, मुक्तामुक्त आणि यंत्रमुक्त. चक्र मुक्त, खड्ग अमुक्त, बाण यंत्रमुक्त. पुढे ते म्हणतात की मुक्ताला अस्त्र म्हणावे आणि अमुक्ताला शस्त्र म्हणावे. मग मुक्तामुक्ताला काय म्हणावे? त्याविषयी एक अक्षर नाही. त्या रकान्यात त्यांनी भाल्यासारखी आयुधे भरली आहेत, ज्यांनी हातात धरून भोसकताही येते आणि फेकताही येते. मला हे मान्य नाही. एका वेळी एकच गोष्ट करता येणाऱ्या आयुधाला मुक्तामुक्त म्हणणे म्हणजे शब्दाची किंमत पाडणे आहे. अग्निपुराणातला ‘मुक्तसंधारित’ हा शब्द त्याहून प्रामाणिक आहे, पण तिथेही उदाहरण प्रास नावाच्या भाल्याचेच दिलेले आहे. एकाच क्षणी सुटलेले आणि न सुटलेले असे आयुध त्या काळी हाताशी नव्हते, म्हणून रकाना रिकामा राहण्याऐवजी चुकीच्या मालाने भरला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘नीतिप्रकाशिका’ या राजनीती आणि युद्धविद्येवरच्या संस्कृत ग्रंथात मुक्तामुक्त वर्गाची सांगड अस्त्राच्या उपसंहाराशी, म्हणजे सोडलेले अस्त्र परत आवरण्याशी, घातलेली आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही अस्त्र सोडतात. अर्जुनाला ते आवरता येते, अश्वत्थाम्याला येत नाही. दोघांमधला फरक मारक शक्तीचा नाही, सोडल्यानंतरच्या ताब्याचा आहे. ‘नीतिप्रकाशिका’ छापून प्रसिद्ध करणारे मद्रासचे प्राध्यापक गुस्ताव ओपर्ट यांनी १८८०मध्ये असल्याच ग्रंथांच्या आधारे प्राचीन भारतात बंदुकीची दारू होती असा दावा केला होता. तो दावा मला सपशेल अमान्य आहे, आणि माझ्या विवेचनावरून ‘आपल्याकडे तेव्हाही क्षेपणास्त्रे होती’ असा निरोप कोणी भ्रमणध्वनीवरून फिरवू नये. प्राचीनांकडे वस्तू नव्हती. वस्तूच्या मापाचा शब्द मात्र होता, आणि तो कित्येक शतकांनी उपयोगी पडावा, यात चमत्कार नसून वर्गीकरणाची शिस्त आहे.

मुक्तामुक्त म्हणजे काय, हे ‘द्राकोन’च्या कार्यपद्धतीवरून समजते. क्षेपणास्त्र सुटले की तोफची आपल्या दुर्बिणीतला फुलीचा खुणेचा बिंदू शत्रूच्या रणगाड्यावर धरून ठेवतो. क्षेपणास्त्राच्या शेपटीकडचा उजेड यंत्र टिपते, तो फुलीपासून किती ढळला आहे हे मोजते आणि रेडिओवरून दुरुस्तीच्या आज्ञा पाठवते. ३३०० मीटरपर्यंतचा हा प्रवास पुरा होईपर्यंत तोफचीला नजर हलवता येत नाही; आयुध गेले, तरी हात त्यावरच आहे. या स्वरूपाची किंमतही मोजावी लागते. सुटल्याबरोबर क्षेपणास्त्र ताब्यात येत नाही, ते वाटेला लागायला काही अंतर जावे लागते, आणि ‘इ-ते-१’च्या बाबतीत हे अंतर दिवसाही सुमारे ३०० मीटर होते. त्याच्या आत शत्रू शिरला, तर मशीनगनशिवाय हाती काही उरत नसे. तोफ असलेल्या रणगाड्याला असा आंधळा पट्टा नसतो. शिवाय तोवर सोव्हिएत संघाच्या १२५ मिलिमीटरच्या नव्या तोफा इतक्या प्रबळ झाल्या होत्या की दूरच्या लक्ष्यासाठी निराळे वाहन बाळगण्याचे कारण उरले नाही. दोन-तीन वर्षांतच उत्पादन थांबले. त्याचा एक नमुना मॉस्कोजवळ कुबिंका येथील संग्रहालयात आहे.

कल्पना मात्र मेली नाही. १९७६मध्ये टी-६४बी रणगाड्यासोबत ‘कोब्रा’ आले. ते तोफेच्या नळीतूनच सुटणारे क्षेपणास्त्र होते, म्हणजे एकाच नळीतून कधी गोळा, कधी क्षेपणास्त्र. जुन्या परिभाषेत सांगायचे तर ते यंत्रमुक्तही आहे आणि मुक्तामुक्तही. पुढच्या पिढीतली क्षेपणास्त्रे रणगाड्याने धरलेल्या लेझर किरणाच्या आत राहून स्वतःच वाट सुधारतात. भारतीय सैन्याच्या टी-९०वरचे ‘इन्वार’ याच जातीचे. सप्टेंबर २०२०मध्ये तेव्हाच्या अहमदनगरजवळच्या के. के. रेंजवर ‘अर्जुन’ रणगाड्यातून लेझर-नियंत्रित क्षेपणास्त्राची चाचणी झाली. ते पुण्यातल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने दोन भगिनी संस्थांच्या साहाय्याने विकसित केले होते. सोडलेले अस्त्र ताब्यात ठेवणाऱ्याचेच नाव रणगाड्याला असावे हा योगायोग असला, तरी मला तो पुरेसा सुखावून गेला. याउलट ‘नाग’ हे ‘डागा आणि विसरा’ जातीचे आहे. त्यावर सुटल्यानंतर माणसाचा हात नसतो, ते स्वतःच लक्ष्य धरून जाते. तेव्हा काटेकोरपणे पाहता ते पुन्हा मुक्तच ठरते, आणि माझी व्युत्पत्ती त्याला तितकीशी लागू पडत नाही. (‘डागणे’ म्हणजे मुळात बत्ती लावणे, हे विसरू नये, ‘क्षेपणास्त्र फेकले’ असे लिहिणाऱ्यांपेक्षा ‘डागले’ लिहिणारे पुष्कळ बरे.)

मूळ प्रश्न राहिलाच. ‘क्षेपणास्त्र’ निर्दोष आहे, ते बिनदिक्कत वापरावे. वाहनासाठी ‘क्षेपणास्त्र-रणगाडा’ हा साधा समास पुरतो. विस्ताराला जागा असेल तर ‘तोफेऐवजी क्षेपणास्त्रे असलेला रणगाडा’ असे सरळ लिहावे. मला विचाराल तर रणगाड्याच्या वळणावर ‘अस्त्रगाडा’ म्हणावेसे वाटते, पण तो आग्रह मी धरत नाही. ‘ऑब्येक्त ७७५’विषयीचे वाक्य मात्र असेच लिहावे : ‘या क्षेपणास्त्र-रणगाड्याच्या एकाच नळीतून क्षेपणास्त्रेही सुटत आणि बाणही सुटत.’