फारकतीचा बॉण्ड आणि जर्मनीतला जन्मदाखला

ताई, तीन वर्षांपूर्वी परभणीला चार माणसांसमोर शंभराच्या बॉण्डवर तुमची फारकत झाली, आता नर्स म्हणून जर्मनीला जाऊन पुढे सहा वर्षांच्या मुलीला बोलावून घ्यायचे आणि तिकडे दुसरा संसार मांडायचा, तर मुलांचे वडील कोण धरले जातील आणि खर्च कोण देईल, असे तुम्ही विचारले आहे. मी मूळचा उदगीरचा, सध्या स्टुटगार्टला राहतो. वकील नाही, पण आमच्या नात्यात हाच गुंता निस्तरला आहे.

त्या बॉण्डच्या भरवशावर राहू नका. समाजाची रूढी न्यायालयात सिद्ध झाली तर गोष्ट निराळी, एरवी हिंदू विवाह कायद्याखाली न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याशिवाय लग्न मोडत नाही. जर्मन नागरी संहितेच्या कलम १५९२ नुसार जन्माच्या वेळी आई ज्याची पत्नी असेल तोच मुलाचा पिता धरला जातो, त्यामुळे हुकूमनाम्याआधी तिकडे मूल झाले तर दाखल्यावर परभणीच्या नवऱ्याचेच नाव येईल, मग नवा जोडीदार पितृत्व कबूल करायला कितीही तयार असो. घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्यावर मूल जन्मले आणि हुकूमनामा अंतिम झाल्यापासून वर्षाच्या आत जोडीदाराने तुमच्या व जुन्या नवऱ्याच्या संमतीने पितृत्व कबूल केले, तरच कोर्टात न भांडता हे नाव बदलते. आपल्याकडे मात्र साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ प्रमाणे विवाह संपल्यावर २८० दिवसांत, आईने पुन्हा लग्न केलेले नसताना जन्मलेले मूलही पहिल्या नवऱ्याचेच मानतात, म्हणून दोन देशांत दोन वडील निघू शकतात.

मुलगी परभणीत आहे तोवर तिच्या पोटगीला भारतीय कायदा लागतो, आणि तुम्ही युरोत कमावता म्हणून तिच्या वडिलांची जबाबदारी सुटत नाही. ती जर्मनीत राहू लागली की तिकडचा कायदा लागतो. तिथली न्यायालये मुलांच्या पोटगीसाठी जो ड्युसेलडॉर्फ तक्ता पाहतात, त्याच्या २०२५ च्या आवृत्तीत ६ ते ११ वर्षांच्या मुलासाठी महिना किमान ५५४ युरो धरले आहेत. सोयाबीनवर घर चालवणारा माणूस एवढे कुठून देणार, आणि जर्मन न्यायालयाचा हुकूम परभणीत थेट बजावताही येत नाही. अशा वेळी तिथले युवक कल्याण कार्यालय वडिलांऐवजी सरकारी पैशातून आगाऊ पोटगी देते, या वयाला २०२५ मध्ये २९९ युरो, मात्र तुम्ही पुन्हा लग्न केले की ती बंद होते.

म्हणून नवरा राजी असेल तर विमानात बसण्याआधी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली संमतीने घटस्फोटाचा अर्ज दोघांच्या सहीने दाखल करा. अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते.